हो म्हणेपर्यंत

आमच्या भावोजींच्या घरात दिवा लावायचा म्हणजे सभा भरवून ठराव पास करून घ्यावा लागतो. संध्याकाळी खोलीत अंधारून आलं की ते बटणापाशी जाऊन उभे राहतात आणि मोठ्यानं विचारतात, "लावू का?" स्वयंपाकघरातून ताई म्हणते, "हो." आतल्या खोलीतून भाची म्हणते, "हो." मी तिथं असले तर मलाही म्हणावं लागतं. न्हाणीघरात कोणी असेल तर तिथूनही उत्तर यायला हवं. एकदा भाची डोक्याला साबण चोळत होती, ती आतून ओरडली, "लावा हो बाबा, मी अजून आहे!" सगळ्यांचे होकार गोळा झाले की मग भावोजींचं बोट बटणावर जातं आणि एकदाचा उजेड पडतो.

नवख्या माणसाला हे बघून हसू येतं. मलाही यायचं. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, गिऱ्हाईक दारात उभं असतानाच माझी कात्री चालू झालेली असते. देव धीर वाटत होता तेव्हा मी बहुतेक रांग मोडून पुढं निघून गेले असणार. त्यामुळे या माणसाबद्दल मी काही लिहीन, आणि तेही हात जोडून, असं मला कुणी पूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

भावोजी लिफ्टचे मेकॅनिक. 'होते' म्हणायचं की 'आहेत', हाच बरीच वर्षं आमच्या घरातला प्रश्न होता. कामावर त्यांना सगळे 'वरखाली' म्हणायचे, कारण "कुठं होतास रे?" असं कुणीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "वरखाली." त्यांच्या जोडीदाराचं नाव पैलवान. हा पैलवान म्हणजे नुसती काडी, जोरात शिंकलं तर पडेल असा. पण दोघांचं असं जमलेलं की एकानं हात मागं केला की दुसरा न बघता नेमका पाना त्या हातात ठेवणार.

लिफ्टचं काम एकट्यानं होत नाही. एक जण डब्याच्या टपावर उभा राहून भिंतीलगतचे लोखंडी रूळ पुसतो, तेल घालतो, बोल्ट आवळतो. दुसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, बटणाशी. मधे उभा अंधार आणि दोर. एकमेकांचं तोंड दिसत नाही, खोलीच्या जमिनीत दोर जायला भोकं असतात त्यांतून आवाज तेवढा वर येतो. म्हणून त्यांच्यात एक रीत आहे. टपावरचा म्हणतो, "सोड." वरचा म्हणतो, "सोडतो." त्यावर टपावरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. नव्या माणसाच्या हातात पाना देण्याआधी हे शिकवतात.

आता यातली खोच बघा. ही रीत नवख्याकडून मोडत नाही. नवखा भीतीनं चार वेळा "हो" म्हणेल. ती मोडते एकमेकांची नस न नस ओळखणाऱ्या जोडीकडून. भावोजी आणि पैलवान यांची कामातली वर्षं वाढत गेली आणि शेवटचा "हो" गळून पडला. म्हणायची गरजच काय? "सोड." "सोडतो." आणि लिफ्ट निघाली. संसार मुरला की नवरा-बायको तरी कुठं एकमेकांना प्रत्येक गोष्ट विचारतात?

त्या दिवशी पैलवान म्हणाला, "सोड." भावोजी म्हणाले, "सोडतो." आणि तेवढ्यात पैलवानाला दिसलं की आपला पाना भिंतीतल्या तुळईवर राहिलाय. तो उचलायला त्यानं एक पाय टपावरून काढून तुळईवर ठेवला. भावोजींनी बटण दाबलं.

पैलवान वाचला. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

कंपनीनं चौकशी केली, दोघांनाही दोष दिला आणि दोघांनाही सांभाळून घेतलं. पैलवानाला घरबसल्या पैसे सुरू झाले. भावोजींना स्टोअरमध्ये बसवलं, पाने, ग्रीसचे डबे आणि वायरची भेंडोळी काढून द्यायला. आम्हाला वाटलं, जिवावर आलं होतं ते पायावर निभावलं. सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागलो.

मग एका संध्याकाळी मी ताईकडं गेले तर दार नुसतं लोटलेलं आणि आत मिट्ट काळोख. मी दिवा लावला, तर समोर खुर्चीत भावोजी. मी अशी दचकले की हातातली पिशवी खाली पडली. "काय हो, विजेचं बिल वाचवताय की भूत व्हायची तालीम करताय?" मी म्हटलं.  कपाळ घामानं डबडबलेलं होतं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

ताई आली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "रोज असेच बसतात," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्यापैकी कुणी येईपर्यंत. त्यांच्यानं बटण दाबवत नाही."

"दिव्याचं?"

"कसलंही. पंख्याचं, मिक्सरचं. दारावरची घंटासुद्धा. स्वतःच्या घरी आले तरी दार ठोठावतात, ऐकलं नाहीस कधी?"

ऐकलं होतं की. पण माणूस दार ठोठावतो यात लक्ष देण्यासारखं काय असतं? ताईनं सांगितलं की बोट बटणाजवळ गेलं की त्यांना पैलवानाची किंकाळी ऐकू येते. आठवत नाही, ऐकू येते, खोलीत कुणी ओरडावं तशी. आणि आपण बटण दाबलं आणि उजेड पडला तर त्या उजेडात काय दिसेल, याची त्यांना भीती वाटते. मी ओट्याला टेकून उभी राहिले. 

ताई त्यांना मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. तिच्या सासरच्यांनी नाकं मुरडली, "वेडबिड लागलंय की काय?" असं विचारून झालं. ताईनं ऐकून घेतलं आणि गेली. तिथं तरी काय, भावोजी महिनोन्महिने जायचे आणि भिंतीकडं बघून परत यायचे. मी ताईला म्हणायचे, ती बाई त्यांना नुसतं खुर्चीत बसवण्याचे पैसे घेते. पण त्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवली होती. घरात कुणी त्यांना 'उगाच घाबरू नका' म्हणायचं नाही. उगाच नाहीये ते. एकदा खरंच तसं झालंय, आणि मनानं ते धरून ठेवलंय, पुन्हा होऊ नये म्हणून.

मग एके दिवशी बाईंनी विचारलं, "त्या दिवशी बटण दाबायच्या आधी तुम्हाला काय ऐकू यायला हवं होतं?" भावोजींनी स्वतःच्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाले, "हो." बाईंना वाटलं, प्रश्न कळला एवढंच ते सांगतायत. भावोजींनी मान हलवली आणि पुन्हा म्हणाले, "हो. एवढंच. त्यानं 'हो' म्हणायला हवं होतं आणि मी थांबायला हवं होतं."

तिथून ताईच्या घरातला तो कारभार सुरू झाला. बाई म्हणाल्या, आता प्रत्येक बटणाच्या आधी विचारायचं आणि उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही, घाई कुणी करायची नाही. सुरुवात टॉर्चपासून. टॉर्च पेटवून कुणाचं काही बिघडत नाही. तरी पहिल्या दिवशी तो पेटवायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली. ताई समोर पाटावर बसून भाजी निवडत होती. ते विचारायचे, "लावू?" ती म्हणायची, "हो." हात पुढं जायचा, मागं यायचा. थोड्या वेळानं पुन्हा, "लावू?" आणि ती पुन्हा, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, "हो." मी तिथं असते तर तो टॉर्च हिसकावून मीच पेटवला असता आणि सगळं मुसळ केरात घातलं असतं.

टॉर्चनंतर टेबलावरचा दिवा, मग खोलीतला, मग पंखा. मिक्सरला सगळ्यांत जास्त दिवस लागले, कारण त्यात पाती फिरतात. भांड्याच्या आसपास कुणाचा हात असेल तर? तर सगळ्यांनी दोन्ही हात वर करून दाखवायचे. एकदा मी माझ्या एका गिऱ्हाईक बाईंना घेऊन तिथं गेले होते, त्यांनी हे बघितलं आणि मला कोपरखळी मारून विचारलं, "दरोडा पडलाय का?"

हसायला येतं, पण एक गोष्ट सांगते. ताई आणि भावोजींचं एकदा चांगलंच बिनसलं. भाचीच्या शिक्षणावरून. माझी ताई दिसायला शांत, पण अबोला धरला तर दगड बोलेल, ती बोलणार नाही. मी गेले तेव्हा घरात अशी शांतता की घड्याळाची टिकटिक नको वाटावी. ताट वाढलं तरी शब्द नाही. संध्याकाळ झाली. भावोजी भिंतीपाशी गेले आणि खाली बघत म्हणाले, "लावू का?" ताईनं पाठ फिरवलेली होती. पाठ तशीच ठेवून ती म्हणाली, "हो." दिवा लागला आणि पुन्हा अबोला सुरू. त्या सबंध आठवड्यात त्या घरात एवढाच काय तो संवाद होता, आणि तो एकदाही चुकला नाही. दर वेळी तेवढ्याच मऊपणानं. राग ठेवायचा तर तो सगळीकडं ठेवावा की नाही? मला तर नवऱ्याशी भांडताना मीठ मागितलं तरी द्यायचं नसतं. मी नेहमी धाकटी बहीण म्हणून तिच्याकडं बघत आले होते, त्या दिवशी मी नुसती बघत राहिले. हे बळ ही कुठून आणते, मला आजही कळलेलं नाही.

तर घरातली बटणं अशी एकेक करून भावोजींना परत मिळाली. लिफ्टचं मात्र नाही. लिफ्ट दिसली की ते जिना धरायचे. आणि पैलवानाला तर ते भेटलेच नव्हते. हॉस्पिटलमध्ये दारापर्यंत गेले आणि परतले, ते तेव्हापासून. ताई जायची, पैलवानाच्या बायकोला हातभार लावायची. भावोजी त्या इमारतीसमोरच्या रस्त्यावर उभे राहायचे, पाचव्या मजल्याच्या खिडकीकडं बघायचे आणि घरी यायचे. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पैलवान एकदा वर गेला तो वरच राहिला. पाय नाही, कृत्रिम पाय लावला की दुखतं म्हणून तो कपाटात, पाच मजले उतरणार कसा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग त्या इमारतीतल्या लोकांनी वर्गणी काढून लिफ्ट बसवायचं ठरवलं, आणि काम भावोजींच्याच कंपनीकडं आलं. आम्ही म्हटलं, सुटला पैलवान. लिफ्ट बसली, तपासणी झाली, इमारतीतली म्हातारी माणसं मजेनं वर-खाली करू लागली. आणि पैलवान वरच.

एका दुपारी त्याची बायको ताईच्या घरी आली. मी तिथं परकराची किनार उसवत बसले होते. भावोजींना सुट्टी होती. तिनं पाणी घेतलं, पदराला हात पुसले आणि सरळ भावोजींना म्हणाली, "भावोजी, हे लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नाहीत. म्हणतात, आपला वरखाली येऊन सोडेल तेव्हाच मी उतरेन. एकच पाय उरलाय, तो कुणाच्याही भरवशावर ठेवणार नाही."

भावोजी पांढरेफटक पडले. उठून मोरीपाशी गेले आणि हात धुऊ लागले. धुतच राहिले.

"वहिनी, मला नाही जमणार," ते पाठमोरेच म्हणाले.

"मग हे कधीच खाली येणार नाहीत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. होतं ते सांगत होती. "पाय नाही म्हणून येत नाहीत असं मी सगळ्यांना सांगते. पण तसं नाहीये. लिफ्टच्या दाराशी नेलं की त्यांना दरदरून घाम फुटतो. तुमच्यासारखाच."

ती गेल्यावर माझ्याच्यानं राहवेना. "अहो, एक बटण तर दाबायचं आहे!" ताईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुन्हा परकरात तोंड घातलं. भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नुसते चिवडत बसले. ताईनं एका शब्दानं विचारलं नाही. मग एका सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "आधी त्याला भेटून तरी येतो."

ताई मला म्हणाली, "तू जा सोबत. मी गेले तर ते माझ्याकडंच बघत राहतील."

पाच मजले आम्ही जिन्यानं चढलो. लिफ्ट शेजारीच होती, पण त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. मी धापा टाकत होते. दार पैलवानाच्या बायकोनं उघडलं. तो खिडकीजवळ पलंगावर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. पूर्वीच काडी होता, आता तर काय राहिलं होतं! भावोजी उंबऱ्यातच थांबले.

"ये रे वरखाल्या," पैलवान म्हणाला. "दम लागला का? लागू दे. आणखी चार मजले असते तर बरं झालं असतं."

भावोजी आत गेले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवर.  मग भावोजी म्हणाले, "मी थांबायला हवं होतं. तू 'हो' म्हणाला नव्हतास."

"मी 'हो' म्हणायचं सोडलं होतं," पैलवान म्हणाला. "पहिल्यांदा मीच सोडलं. घसा बसला होता माझा, आठवतं? म्हणालो, एवढं ओरडायला नको. मग घसा बरा झाला तरी तसंच चालू राहिलं." त्यानं घसरणारी कुबडी भिंतीला नीट टेकवली. "तुला बटणाशी माझी किंकाळी ऐकू येते म्हणे. तुझ्या बायकोनं सांगितलं. मला तुझा आवाज ऐकू येतो. दुपारी डोळा लागला की 'सोडतो.' दचकून जागा होतो आणि पाय शोधतो."

भावोजींनी मान वर केली. मला वाटतं, एवढ्या वर्षांत त्यांच्या मनात हे आलंच नव्हतं की दुसऱ्या टोकालाही कुणी रोज तीच घटना भोगत असेल.

"तरी मलाच बोलावतोस?" ते म्हणाले.

"मग कुणाला बोलावू? ही नवी मंडळी चांगली आहेत, हुशार आहेत. पण त्यांच्या हातून अजून काही झालेलं नाही. तुझ्या हातून झालंय. तू मेलास तरी माझा 'हो' ऐकल्याशिवाय दाबणार नाहीस."

 ज्या हातानं पाय गेला, त्याच हातात हा माणूस राहिलेला जीव ठेवायला निघाला होता, आणि तेही मोठं मन दाखवायला म्हणून नव्हे, तर साधा हिशेब करून. मी आयुष्यात पुष्कळ देवमाणसं म्हणवणारी माणसं बघितली आहेत. असा भरवसा टाकताना कुणाला बघितलं नव्हतं.

भावोजींनी विचारल्यावर कंपनीच्या साहेबांनी पैलवानापुरती लिफ्ट वरच्या मशीनच्या खोलीतून चालवायची परवानगी दिली. ठरलेल्या दिवशी भावोजी गच्चीवरच्या खोलीत गेले, मला सोबत घेऊन. छोटीशी खोली, मधे मशीन आणि त्याचं मोठं चाक, चाकावरून खाली गेलेले दोर. दोरांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे होते, प्रत्येक मजल्याचा एक. पट्टा कुठं आला यावरून डबा कुठं आहे ते कळतं, भावोजींनी मला सांगितलं.  भिंतीवरच्या पेटीत खाली जायचं बटण. ते दाबून धरलं तोवर लिफ्ट चालणार, सोडलं की थांबणार.

खाली पाचव्या मजल्यावर पैलवानाला खुर्चीसकट डब्यात नेलं. त्याची बायको बरोबर होती. दार लागल्याचा आवाज आला. मग भोकांतून त्याचा आवाज वर आला, जाड, घोगरा. "सोड."

"सोडतो," भावोजी म्हणाले आणि बोट बटणावर ठेवलं. दाबलं नाही. थांबले.

खालून काहीच आलं नाही.

 जिन्यात जमलेली मंडळी कुजबुजायला लागली. इमारतीचे सचिव ओरडले, "अहो, दाबा की! बसलेत ते!" कुणी म्हणालं, "बिघडली वाटतं." भावोजींचं बोट बटणावर तसंच, ना पुढं, ना मागं. घाम हनुवटीवरून टपकत होता, तो पुसायलाही त्यांनी दुसरा हात उचलला नाही. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. एवढी वर्षं आम्ही ज्याला खोड म्हणून हसलो, ती त्यांची थांबायची सवय त्या खोलीत माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, आणि ती केवढी मोठी होती! सगळी इमारत 'दाबा' म्हणत होती आणि हा माणूस फक्त एका आवाजाची वाट बघत होता.

मग खालून दार उघडल्याचा आवाज आला. "आज नको," पैलवान म्हणाला. भावोजींनी बोट काढलं आणि भोकांशी वाकून म्हणाले, "बरं. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्यानंतरही. सचिव वैतागले, म्हणाले, लिफ्ट अडवून ठेवता, लोकांची गैरसोय होते. गर्दी पांगली, जिन्यात बघायला कुणी उरलं नाही. भावोजी मात्र रोज कामावरून सुटून यायचे, जिना चढायचे, "सोडतो" म्हणायचे आणि थांबायचे. घरी येऊन चार घास जास्त जेवायचे, असं ताईनं सांगितलं. मी दुकान लवकर बंद करून रोज जाऊ लागले. का, ते मला विचारू नका. मला तिथं असायचं होतं.

आणि एका सुट्टीच्या दुपारी, "सोड" झालं, "सोडतो" झालं, आम्ही नेहमीसारखे थांबलो. बाहेर गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, त्यांचा फडफडाट ऐकू येत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि खालून एकदम स्वच्छ आवाज आला.

"हो."

भावोजींनी बटण दाबलं. चाक फिरलं. दोर सरकायला लागले. पांढरा पट्टा आला, गेला. दुसरा आला, गेला. भावोजी मोठमोठ्यानं मोजत होते, "चौथा... तिसरा... धर रे, नीट धरून बस... दुसरा..." शेवटचा पट्टा चाकापाशी आला तसं त्यांनी बोट उचललं. खालून दार उघडल्याचा आवाज, मग पैलवानाच्या बायकोची हाक, "उतरलो हो भावोजी!"

मी आनंदानं टाळ्याच वाजवल्या. "चला खाली! चला ना, भेटा त्याला!"

पण ते भिंतीला टेकून खाली बसले होते. "तू जा," ते म्हणाले. "तो परत वर येईल ना, तेव्हा इथं कुणीतरी हवं."

मग मी कशी जाणार? मी त्या खोलीच्या झरोक्याशी जाऊन उभी राहिले. तिथून खालचा रस्ता दिसत होता. पैलवान कुबड्यांवर फाटकाबाहेर आला. थांबला. वर आभाळाकडं बघितलं. मग रस्त्याकडेनं थोडं पुढं गेला, एका दुकानाशी. त्याची बायको मागं मागं.

"काय करतोय?" भावोजींनी विचारलं. त्यांना उठून बघायचं धैर्य होत नव्हतं.

"दुकानासमोर उभा आहे. एकानं फुटपाथवर मोटारसायकल लावलीय, त्याच्याशी काहीतरी बोलतोय." मी नीट बघितलं. "बोलत नाहीये. भांडतोय. एक कुबडी वर उचललीय. माणसं गोळा व्हायला लागलीत."

"भांडतोय?"

"चांगलाच. त्या माणसाला मोटारसायकल काढायला लावतोय."

भावोजी हसले. "पूर्वी एक दिवस सुना जायचा नाही," ते म्हणाले. "कामावर रोज कुणाशी तरी वाजायचंच त्याचं. मिटवायला मला जावं लागायचं. वहिनी तुझ्या ताईला म्हणायच्या, आता घरात बसून गरीब गाय झालाय, वर आवाज म्हणून करत नाही."

"मग जाऊ का खाली, मिटवायला?"

"नको, नको." त्यांनी घाईघाईनं हात हलवला. "भांडू दे त्याला. पोटभर भांडू दे." आणि हे म्हणता म्हणता ते रडायला लागले, मोठ्यानं, तोंड न झाकता, लहान मूल रडतं तसे. त्या अपघातापासून त्यांना रडताना कुणी बघितलं नव्हतं, ताईनंसुद्धा. मी त्यांना गप्प केलं नाही. त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, आणि खालून पैलवानाचा चढलेला आवाज येत होता तो आम्ही दोघं ऐकत राहिलो.